रास्पबेरी पायला रिमोट जोडताना: लर्क काढा, उजेडापासून बटणापर्यंत एकेक थर तपासा

प्रश्न थोडक्यात असा. रास्पबेरी पाय ४ हा छोटा लिनक्स संगणक, त्यावर आय-टू-एस डॅकची हॅट (आवाज बाहेर काढणारा, वर बसवायचा बोर्ड), आणि एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वडिलांच्या नाट्यसंगीताचा साठा. वडिलांना मोबाईलवरचं ॲप नको, हातात रिमोट हवा. म्हणून आर्डुइनोच्या किटमधला एकवीस बटणांचा चपटा रिमोट घेतला, दुकानातून टीएसओपी१७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर आणला आणि एका जुन्या लेखातल्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या. रिसीव्हरचं डिव्हाइसच दिसेना. खटपट करून ते दिसलं, तर टर्मिनलवर काही उमटेना. एकदाचं उमटलं, तर कोड आर्डुइनोतल्या यादीशी जुळेनात. आणि आता पायथनच्या स्क्रिप्टमधून आवाजाचं बटण एकदा दाबलं की आवाज दोन पायऱ्या चढतो.

ही चार दुखणी वेगवेगळ्या थरांतली आहेत. सगळ्यांवर एकदम औषध शोधायला गेलात, म्हणून आठवडा गेला. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझी पद्धत एकच आहे: आधी उजेड बघायचा, मग पल्स (उजेड-अंधाराचे तुकडे), मग स्कॅनकोड (त्यातून निघणारा बटणाचा आकडा), मग की (त्या आकड्याला दिलेलं नाव), आणि सगळ्यात शेवटी आपली स्क्रिप्ट. प्रत्येक थरावर डोकावायला एकेक अवजार आहे. खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही.

एक व्यवस्थेची गोष्ट आधी सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये टाकताना ती रोमन लिपीत टाकायची, हे तुम्हाला सांगायला नको.

आधी तो जुना लेख बाजूला ठेवा

लर्क, म्हणजे लिनक्स इन्फ्रारेड रिमोट कंट्रोल, हा एके काळी एकमेव रस्ता होता. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचे ड्रायव्हर, वर लर्कडी नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम), प्रत्येक रिमोटची वेगळी कॉन्फिग फाइल, आणि ती तयार करायला आयआररेकॉर्ड. त्यात बसून यादृच्छिक बटणं दाबत ठिपके मोजलेले लोक अजून आहेत, मी त्यातलाच. पण २०१० मध्ये, कर्नल २.६.३६ च्या सुमारास, रिमोटचे संकेत उलगडायचं काम कर्नलनेच अंगावर घेतलं. त्या भागाला आरसी-कोअर म्हणतात. एनईसी, आरसी-५, आरसी-६, सोनी वगैरे नेहमीचे प्रोटोकॉल, म्हणजे रिमोटच्या भाषा, त्याला पाठ आहेत. तिथून पुढे रिमोट हा लिनक्सच्या दृष्टीने एक कीबोर्डच झाला. बटण दाबलं की इतर कुठल्याही कीसारखी इनपुट इव्हेंट येते. मध्ये डीमन लागत नाही.

तुमच्या लेखात कॉन्फिग फाइलमध्ये 'लर्क-आरपीआय' नावाचा ओव्हरले (जोडलेल्या भागाची पायला ओळख करून देणारी नोंद) टाकायला सांगितलंय. पायच्या कर्नलमध्ये ४.१९ पासून तो हद्दपार झाला आणि त्याच्या जागी 'जीपीआयओ-आयआर' आला. नसलेला ओव्हरले मागितला तर पाय तक्रार न करता चालू होतो, नुसतं डिव्हाइस येत नाही. तुमचं पहिलं दुखणं हेच.

लर्क बसवलेलंच असेल तर आता ते बंद करा. त्यात एक मेख आहे. नुसती लर्कडीची सर्व्हिस थांबवून भागत नाही, कारण तिच्यासोबत एक सॉकेट युनिटही असतं आणि कोणी त्या सॉकेटचं दार वाजवलं की सर्व्हिस पुन्हा उठून बसते. सिस्टमसीटीएलने दोन्ही डिसेबल करा. लर्कची गरज कधीच पडत नाही असं मी म्हणणार नाही. एखादा विचित्र, कर्नलला माहीत नसलेला रिमोट हाती आला तर पूर्वी तोच आधार होता. पण २०१८ मध्ये, कर्नल ४.१८ पासून, नवा प्रोटोकॉल बीपीएफच्या, म्हणजे कर्नलच्या आत चालणाऱ्या, छोट्या प्रोग्रॅमने कर्नलला शिकवता येतो, त्यामुळे तोही कोपरा आक्रसला. किटमधल्या एनईसी रिमोटसाठी लर्क म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ट्रक काढणं.

रिसीव्हर: इथे पैसे नाही, पण पाय जाऊ शकतो

टीएसओपी१७३८ आपल्याकडे घरोघरी सापडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत 'आयआर रिसीव्हर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हाच किंवा याचं नाव लावलेला एखादा भाऊबंद पुढे येतो. तो भाग ५ व्होल्टचा आहे; कागदावर ४.५ ते ५.५. पायचे जीपीआयओ, म्हणजे जोडणीचे पिन, ३.३ व्होल्टचे आहेत आणि ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. रिसीव्हरला ५ व्होल्ट देऊन त्याचा आउटपुट सरळ पायला जोडला तर तो पिन आज चालेल, उद्या चालेल, आणि एक दिवस चालणार नाही.

'मग दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज अर्धं करतो' हा पुढचा नेहमीचा उपाय. तोही इथे फसतो. या रिसीव्हरचा आउटपुट आतल्या मोठ्या किमतीच्या पुल-अपवर उभा असतो. त्याला दहा-वीस किलोओहमचा डिव्हायडर लावला की वरची पातळीच खाली बसते आणि पायला कायम शून्य दिसतं. १७३८ ला ३.३ व्होल्ट दिले तर काही नग चालतात, पण दोन-तीन हातांवरून. वडील खुर्चीत बसणार आणि पाय कपाटात, तर हे कामाचं नाही.

सरळ टीएसओपी३८२३८ आणा, नाहीतर तुमच्या किटमध्येच जो व्हीएस१८३८बी असेल तो वापरा. दोन्ही ३.३ व्होल्टवर नीट चालतात. फक्त रिसीव्हरचे पाय मोजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त नग जळतात. गोल फुगीर बाजू आपल्याकडे धरली तर १७३८ मध्ये डावीकडून क्रम आहे ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ३८२३८ आणि १८३८बी मध्ये तो आहे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. जुन्याच्या सॉकेटमध्ये नवा खुपसला की सप्लाय ग्राउंडवर आणि ग्राउंड आउटपुटवर. मी स्वतः एका दुपारी दोन नग असे घालवले. दुसरा घालवला कारण पहिला आधीच खराब असेल असं वाटलं.

सप्लायच्या तारेत शंभर ओहमचा एक रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या अगदी जवळ सप्लाय-ग्राउंडमध्ये एक कपॅसिटर लावा, ४.७ मायक्रोफॅरडचा चालेल. पायच्या ३.३ व्होल्टच्या रेषेवर बराच खडखडाट असतो आणि हा रिसीव्हर कानाला फार तिखट आहे.

आता पिन. सगळे लेख जीपीआयओ १८ सांगतात, ओव्हरलेचा ठरलेला पिनही तोच. पण तुमच्याकडे आय-टू-एस डॅक आहे. त्याचं क्लॉक जीपीआयओ १८ वरच असतं. १९, २० आणि २१ सुद्धा त्याच कामाला जुंपलेले. रिमोट आणि डॅक एकाच तारेवर भांडले तर एक मुका होतो नाहीतर दुसरा बहिरा. म्हणून जीपीआयओ १७ घ्या. बोर्डावर तो ११ क्रमांकाचा पिन. ३.३ व्होल्ट पिन १ वरून, ग्राउंड पिन ६ वरून. डॅकच्या कागदावर एकदा नजर टाका, कारण काही हॅट १७ सुद्धा म्यूटसाठी वापरतात; तसं असेल तर २६ घ्या.

रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल बूटखालच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. तिच्या शेवटी ही एक ओळ:

डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१७

आणि रीबूट.

उजेड आणि पल्स

रिमोट जिवंत आहे का, हे फोनच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. रिमोटचं नाक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकतो. फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून समोरचा, सेल्फीचा कॅमेरा वापरा. किटमधल्या रिमोटच्या सेलखाली प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढायची राहिली म्हणूनही लोक दोन-दोन दिवस झगडले आहेत.

मग आयआर-सीटीएल. व्ही४एल-युटिल्स या संचातलं हे अवजार. 'आयआर-सीटीएल -आर' चालवा आणि प्लेचं बटण एकदा टोचा. माझ्या टेबलावर असं काहीसं येतं:

+९०३४ -४४७१ +५८२ -५३९ +५८२ -५४१ +५८० -५४० …

अधिक म्हणजे उजेड, उणे म्हणजे अंधार, आकडे मायक्रोसेकंदांत. सुरुवातीला सुमारे ९ मिलिसेकंद सलग उजेड आणि ४.५ मिलिसेकंद अंधार दिसला की डोळे मिटून म्हणावं, एनईसी. पुढे प्रत्येक बिट म्हणजे ५६२ मायक्रोसेकंदांच्या आसपासचा उजेड, आणि त्यानंतरचा अंधार आखूड असेल तर शून्य, तिप्पट लांब, म्हणजे १६८७ च्या आसपास असेल तर एक. असे ३२ बिट: पत्ता, पत्त्याचं उलट, आज्ञा, आज्ञेचं उलट. आकडे थोडे इकडेतिकडे होणारच, शेकड्यांत मिळाले की पुरे.

इथे काहीच आलं नाही तर वर जाऊ नका. वायरिंग, पिन किंवा ओव्हरले चुकलंय. बटण न दाबताही आकडे कोसळत असतील तर खोलीतला उजेड त्रास देतोय, त्यावर शेवटी बोलतो.

'पल्स दिसतात, पण आयआर-कीटेबल गप्प'

हे तुमचं दुसरं दुखणं, आणि मला वाटतं सर्वांत जास्त लोक इथे हार मानतात. आयआर-कीटेबल, म्हणजे स्कॅनकोड आणि की दाखवणारं अवजार, नुसतं चालवलं की रिमोटची सगळी डिव्हाइस दिसतात. पाय ४ वर तुम्हाला एकाऐवजी तीन दिसतील. दोन एचडीएमआयच्या पोर्टची, कारण टीव्हीकडून सीईसीने (एचडीएमआयच्या तारेतून रिमोटचे संकेत पाठवायची सोय) येणारी बटणंही आरसी-कोअरमधूनच येतात, आणि तिसरं 'जीपीआयओ_आयआर_रेसीव्ही' ड्रायव्हरचं. ते आरसी२ असेल, किंवा आरसी० असेल. एका बूटला एक, दुसऱ्या बूटला दुसरं असंही होतं. पण कच्च्या पल्सचं डिव्हाइस (कर्नलमध्ये त्याचं नाव अजून लर्कच आहे) सीईसीला मिळत नाही, म्हणून आयआर-सीटीएलला लर्क० दिसतं आणि आयआर-कीटेबलला मात्र आरसी२ सांगावं लागतं. 'दोन्ही ठिकाणी शून्यच असणार' असं धरून चाललात तर एचडीएमआयच्या पोर्टसमोर रिमोट दाबत बसाल.

दुसरी गोष्ट त्याच यादीत, 'एनेबल्ड कर्नल प्रोटोकॉल्स' या ओळीत आहे. तिथे लिहिलेलं असेल लर्क आणि आरसी-६. ओव्हरलेचा ठरलेला कीमॅप (कोणता कोड म्हणजे कोणती की याची यादी) मीडिया सेंटरच्या रिमोटचा आहे आणि ते रिमोट आरसी-६ बोलतात, म्हणून तेवढाच उलगडणारा चालू असतो. एनईसी कर्नलला येतं, पण तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून तो गप्प बसलाय. तर:

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी२ -पी एनईसी -टी

'-एस' नंतर तुमच्याकडचं डिव्हाइस, '-पी' नंतर प्रोटोकॉल, आणि '-टी' म्हणजे चाचणी. आता प्ले दाबा. 'लर्क प्रोटोकॉल(एनईसी): स्कॅनकोड = ०एक्स४३' अशी ओळ आली की तीन थर पार झाले.

दुसऱ्याच जातीचा रिमोट असेल तर आकड्यांवरून अंदाज येतो. आरसी-५ मध्ये सुरुवातीचा लांब उजेड नसतोच, सगळे आकडे ८८९ किंवा त्याच्या दुपटीचे असतात. तिथे दर दाबण्यागणिक एक टॉगल बिट उलटतो, ज्यामुळे लर्कच्या जमान्यात एकाच बटणाचे दोन कोड दिसायचे आणि माणूस वेडा व्हायचा. आरसी-कोअर तो बिट स्वतः बाजूला काढतो.

आर्डुइनोची यादी खोटी नाही

तुमच्या यादीत प्लेसमोर 'एफएफसी२३डी' आहे आणि लिनक्स म्हणतो ०एक्स४३. दोघंही खरं बोलताहेत. गंमत अशी की उत्तर तुमच्या पल्समध्येच लिहिलेलं आहे, म्हणून एकदा वाचून बघू.

सुरुवातीच्या त्या ९ आणि ४.५ मिलिसेकंदांनंतरचे पहिले आठ अंधार आखूड: पत्ता शून्य. पुढचे आठ लांब: पत्त्याचं उलट, एफएफ. त्यापुढचे आठ, जिथे आज्ञा आहे: लांब, लांब, आखूड, आखूड, आखूड, आखूड, लांब, आखूड. जसं आलं तसं डावीकडून लिहिलं तर ११००००१०, म्हणजे सी२. आर्डुइनोच्या जुन्या लायब्ररीने एवढंच केलं. पण एनईसीमध्ये प्रत्येक बाइटचा सर्वांत लहान बिट आधी पाठवतात. म्हणजे हे आठ बिट उलट्या क्रमाने वाचायचे: ०१००००११, म्हणजे ४३. शेवटचा ३डी हा सी२ चं उलट, ताळा जुळवण्यापुरता. लिनक्स ताळा बघतो, जुळला की तो टाकून देतो, आणि पत्ता ०० व आज्ञा ४३ एवढंच हाती ठेवतो.

तेव्हा जुनी यादी फेकू नका, मधल्या बाइटचे बिट उलट्या क्रमाने लावत चला. तसा हा रिमोट इतका सर्वत्र आहे की मला तो आता पाठ झालाय: वरच्या ओळीत ४५, ४६, ४७; दुसरीत मागे ४४, पुढे ४०, प्ले ४३; तिसरीत आवाज कमी ०७, जास्त १५, आणि ईक्यू ०९. तुमच्या नगावर '-टी' लावून ताळा करून घ्या.

कोडला नाव देणं

आता स्कॅनकोडला की जोडायची. 'इटीसी' खालच्या 'आरसी_कीमॅप्स' फोल्डरमध्ये 'नाट्य.टॉमल' अशी फाइल करा:

[[प्रोटोकॉल्स]]
नेम = "नाट्य"
प्रोटोकॉल = "एनईसी"
व्हेरियंट = "एनईसी"
[प्रोटोकॉल्स.स्कॅनकोड्स]
०एक्स४३ = "की_प्लेपॉज"
०एक्स४४ = "की_प्रीव्हियससाँग"
०एक्स४० = "की_नेक्स्टसाँग"
०एक्स०७ = "की_व्हॉल्यूमडाउन"
०एक्स१५ = "की_व्हॉल्यूमअप"

मग 'इटीसी' मधल्याच 'आरसी_मॅप्स.सीएफजी' मध्ये एक ओळ: पहिल्या रकान्यात ड्रायव्हरचं नाव जीपीआयओ_आयआर_रेसीव्ही, दुसऱ्यात तारांकन, तिसऱ्यात नाट्य.टॉमल. ही ओळ फाइलच्या अगदी वर घाला. खाली मीडिया सेंटरच्या रिमोटची एक ओळ आधीपासून आहे. दर बूटला युडेव्ह (डिव्हाइस दिसताच त्याची मांडणी करणारी लिनक्सची सेवा) हे सगळं आपोआप लावतं, प्रोटोकॉलसकट. आरसी.लोकलमध्ये आज्ञा कोंबायची गरज नाही.

की निवडताना दोन खड्डे आहेत.

पहिला तुम्हाला आज लागू नाही, पण उद्या टीव्ही जोडून त्यावर एक्स विंडोजवर (लिनक्सची जुनी पडदा-व्यवस्था) चालणारा डेस्कटॉप लावलात तर लागेल. रिमोटसाठी म्हणून कर्नलमध्ये की_ओके, की_रेड, की_चॅनलअप, की_न्यूमेरिक_१ अशा सुंदर नावांच्या की आहेत. एक्स विंडोजला त्या दिसतच नाहीत. एक्सच्या कीकोडची मर्यादा २५५, त्यातले पहिले ८ त्याने स्वतःकडे ठेवलेले, म्हणजे कर्नलचा २४७ च्या वरचा कोड त्याच्यापर्यंत पोचत नाही. की_ओकेचा क्रमांक ३५२ आहे. आयआर-कीटेबलमध्ये झकास दिसतो, पडद्यावर ढिम्म काही होत नाही, आणि माणूस रिसीव्हर बदलत बसतो. एक्सवर चालवायचं असेल तर की_एंटर, की_१, की_पेजअप अशा साध्या कीबोर्डच्या की द्या. जो प्रोग्रॅम इव्हेंट डिव्हाइस थेट वाचतो, त्याला ही अडचण नाही.

दुसरा खड्डा की_पॉवर. रिमोटवर लाल बटण दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. सिस्टमडीचा लॉगइनडी त्या कीवर लक्ष ठेवून असतो आणि ती दिसली की विचारपूस न करता मशीन बंद करतो. मी एकदा अशी की एका बटणाला दिली होती. पाय दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मरायचा. सप्लाय बदलला, कार्ड बदललं. शेवटी कळलं की घरात आणलेल्या एका स्वस्त स्पीकरचा रिमोटही शून्य पत्त्यावरच बोलतो आणि कोडही तेच. कोणी स्पीकर चालू केला की आतल्या खोलीतला पाय झोपायचा. बंद करण्याचं बटण हवंच असेल तर लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये हँडलपॉवरकी=इग्नोर करा आणि किती वेळ दाबून धरल्यावर बंद करायचं ते आपल्या स्क्रिप्टमध्ये ठरवा. पाय बंद केला तर तो रिमोटने पुन्हा चालू होणार नाही, हेही लक्षात असू द्या. वडिलांना उठून प्लग काढून घालावा लागेल. मी तर संगीतापुरत्या पायला हे बटण देतच नाही.

एकदा दाबलं, दोनदा चढलं

आता तुमची स्क्रिप्ट. रिमोटकडून 'बटण सोडलं' असा कुठलाही संकेत येत नाही. एनईसीमध्ये बटण दाबून धरलं तर दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास एक छोटी 'अजून दाबलेलंच आहे' अशी खूण येते: ९ मिलिसेकंद उजेड, २.२५ अंधार आणि एक टिचकी. ती यायची थांबली की थोडी वाट बघून कर्नल स्वतःच की सोडल्याची इव्हेंट तयार करतो. म्हणजे एका टोचणीला तुमच्या स्क्रिप्टकडे कीच्या निदान दोन इव्हेंट येतात: व्हॅल्यू १, दाबलं, आणि व्हॅल्यू ०, सोडलं. दाबून धरलं तर मध्ये व्हॅल्यू २ येत राहते. तुम्ही फक्त कीचं नाव तपासताय, व्हॅल्यू तपासत नाही. म्हणून एक पायरी दाबताना चढते आणि एक सोडताना. रिमोटचा काही दोष नाही.

पायथनच्या ईव्हीडेव्ह लायब्ररीत हे असं मांडा. इव्हेंटचा प्रकार ईव्ही_की नसेल तर सोडून द्या. प्ले, पुढे, मागे यांना व्हॅल्यू १ असेल तरच 'एमपीसी टॉगल', 'एमपीसी नेक्स्ट' वगैरे (एमपीसी म्हणजे एमपीडीला हुकूम देणारी आज्ञा). आवाजाला १ किंवा २, दोन्ही चालतील, म्हणजे दाबून धरलं की आवाज सरकत राहील. प्लेला २ चालू दिलात तर दाबून धरल्यावर गाणं चालू-बंद-चालू असं उचक्या देईल.

कर्नलची ठरलेली चाल अशी आहे की पहिली पुनरावृत्ती ५०० मिलिसेकंदांनी आणि पुढच्या दर १२५ नी. वयस्कर माणूस बटण जरा जास्त वेळ, ठासून दाबतो. माझ्या अनुभवात ५०० त्यांना कमी पडतं आणि आवाज हातातून निसटतो. आयआर-कीटेबलला '-डी' मोठ्या लिपीत देऊन ते ७०० करा आणि '-पी' मोठ्या लिपीत देऊन पुढचं अंतर २०० करा. छोटा पी प्रोटोकॉलसाठी, मोठा पी अंतरासाठी, ही बोच मलाही दर वर्षी एकदा लागते.

डिव्हाइस उघडताना इव्हेंट२ किंवा इव्हेंट४ असा क्रमांक स्क्रिप्टमध्ये गोंदवू नका, तो बदलतो. 'देव' मधल्या इनपुट फोल्डरखाली बाय-पाथ आहे, तिथे 'प्लॅटफॉर्म-आयआर-रिसीव्हर@११-इव्हेंट' नावाचा दुवा मिळेल. ते ११ म्हणजे जीपीआयओ १७ चं हेक्स रूप. बोर्डावरचा पिन क्रमांकही ११ आहे हा निव्वळ योगायोग, आणि १८ घेतला असता तरी दोन्हीकडे १२ आलं असतं, म्हणून पुष्कळ लोक ते पिन क्रमांकच आहेत असं समजून बसतात. २६ घेतलात की भ्रम फुटतो: तिथे '१ए' दिसेल आणि बोर्डावर पिन ३७.

उघडल्यावर लगेच ग्रॅब करा. नाहीतर रिमोट कीबोर्डच असल्यामुळे त्याच्या की लिनक्सच्या कन्सोललाही जातात. आकड्यांची बटणं मॅप केलीत आणि स्क्रीनवर लॉगइनची चौकट उघडी असेल, तर वडील गाण्याचा क्रमांक दाबतील आणि तिकडे युजरनेम टाइप होत राहील. ग्रॅब केलं की इव्हेंट फक्त तुमच्या स्क्रिप्टला.

स्क्रिप्ट सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये, एका साध्या युजरच्या नावाने चालवा. तो युजर 'इनपुट' ग्रुपमध्ये असला की पुरतं, रूट नको. रीस्टार्ट=ऑलवेज लावा. पायथन नकोच असेल तर ट्रिगरहॅपी नावाचा तयार प्रोग्रॅम आहे, त्यात 'की_प्लेपॉज १ एमपीसी टॉगल' अशी एकेक ओळ लिहायची, मधला आकडा तोच व्हॅल्यूचा. मात्र तो आणि तुमची स्क्रिप्ट दोन्ही एकदम चालू ठेवलीत आणि ग्रॅब केलं नसेल, तर पुन्हा दोनदा चढेल.

सगळं नव्याने करायला तयार असाल तर एक सोपी पळवाटही आहे. फ्लर्कसारखा यूएसबी रिसीव्हर स्वतःच उलगडतो आणि मशीनला कीबोर्ड म्हणून भेटतो. ओव्हरले, प्रोटोकॉल, टॉमल काहीच लागत नाही. पायला टीव्ही जोडलेला असता तर मी सरळ सीईसी वापरा म्हटलं असतं, टीव्हीचाच रिमोट चालला असता. तुमच्याकडे नुसते स्पीकर आहेत, आणि भाग तर हातात आहेतच.

खोलीतला उजेड

बटण न दाबता पल्स येत असतील तर आधी दिवे बघा. रिसीव्हर ३८ किलोहर्ट्झच्या लुकलुकीला कान लावून असतो. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइट आणि जुने सीएफएल नेमके त्याच भागात, तीस-चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकतात. रिसीव्हर मग आपली संवेदना आपोआप कमी करतो आणि रिमोट जवळून चालतो, लांबून नाही. दिवसा चालतं आणि दिवे लागल्यावर अडतं, असं झालं तर कारण बहुधा हेच. दिवा बंद करून 'आयआर-सीटीएल -आर' बघा, दोन मिनिटांत कळेल. रिसीव्हरचं तोंड दिव्यापासून वळवा, वर पुठ्ठ्याची छोटी पडवी करा. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तरी हाच उपाय. कपाटाच्या गडद लाल किंवा काळपट ॲक्रिलिकमागे तो छान बसतो, ते प्लास्टिक इन्फ्रारेडला आरपार असतं. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं. कुठला तुकडा चालेल ते मात्र समोर धरून बघूनच ठरवायचं, सगळे काळे ॲक्रिलिक सारखे नसतात.

आणि त्या एकवीस बटणांपैकी पाच-सहाच मॅप करा. उरलेली मोकळी सोडा, चुकून दाबली तरी काही बिघडत नाही. प्लेच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाडसर ठिपका द्या, म्हणजे अंधारातही बोटाला सापडतं.